वारज्यातली दिवसाची झोप

पुसदहून पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स संध्याकाळी निघते. मला बसवून देताना आईने दोन पिशव्या दिल्या. एकीत दिवाळीचे उरलेले अनारसे आणि चिवडा होता. दुसरी मोठी पिशवी रिकामीच होती, घडी घालून दोऱ्याने बांधलेली. ती मनूचे कपडे भरून आणायला होती.

"घेऊनच ये तिले," आई खिडकीखालून म्हणाली. "नोकरी गेली चुलीत."

मनू माझी धाकटी बहीण. पुण्यात एका परदेशी कंपनीच्या कामाला आहे. तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे रात्र, म्हणून ती रात्रभर काम करते आणि दिवसा झोपते. म्हणजे झोपायचा प्रयत्न करते. दिवाळीला ती दोन दिवस घरी आली, तेव्हा रांगोळी काढता काढता बसल्या जागी तिची मान पडली. पोटात जळजळ होते म्हणून तिने फराळाला हात लावला नाही. तिच्या पर्समधून गोळ्यांची पाकिटे निघाली, ती पाहून आई हबकलीच. झोप येण्यासाठी रोज घेते, असे मनू अगदी सहज बोलून गेली. शाळेला अजून सुट्टी होती, तेव्हा तिला परत आणण्याचे काम माझ्याकडे आले.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बाबा शिंपी होते. मशीन चालवता चालवता त्यांनी मला शिकवले, मग मनूलाही. मी शिक्षिका झाले तेव्हा त्यांनी दुकानात पेढे वाटले. मनू पुण्याला लागली तेव्हा त्यांनी दुकान एक दिवस बंद ठेवले. दुकान बंद ठेवणे ही त्यांच्या लेखी मोठी गोष्ट होती. त्यामुळे ती रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसताना मला बरे वाटत नव्हते.

पहाटे गाडीने मला वारज्याला महामार्गाच्या पुलाखाली उतरवले. वारजे म्हणजे पुण्याची पश्चिमेकडची कड. पुलावरून ट्रक धावत होते, खाली दूधवाले कॅन उतरवत होते, आणि मागे टेकडीच्या अंगाला उंच इमारती एकमेकींच्या खांद्यावरून डोकावत होत्या. हवेत छान गारवा होता. मी एका अमृततुल्यमध्ये (इकडे चहाच्या छोट्या दुकानाला असे म्हणतात) चहा घेतला. चहा गोड, वेलचीचा, पण कप एवढासा की आपल्याकडे पाहुण्याला दिला तर भांडण होईल.

थोड्या वेळाने कंपनीची गाडी आली आणि मनू उतरली. मला पाहून हसली. चेहरा धुऊन ठेवलेल्या पाटीसारखा दिसत होता.

"ताई, पिशवी रिकामी आणली का वं?" तिने पहिल्याच नजरेत विचारले. "आईनं दिली असंल."

मी पिशवी काखेत दाबली. आम्ही चढण चढून तिच्या इमारतीत गेलो.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर. तिच्यासोबत राहणारी मुलगी दिवाळीला गावी गेली होती. खिडकी पूर्वेला, आणि समोरच्या नव्या इमारतीला काचाच काचा. ऊन एकदा आकाशातून येते आणि पुन्हा त्या काचांवरून. मनूने पडद्यावर चादर टाचली होती, तरी खोलीत लख्ख दिसत होते. उशाशी दोरीवर डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या टांगलेल्या होत्या. एक रेशमी, एक डोळ्यांपुढे खोलगट वाट्या असलेली, पापणीला कापड लागू नये म्हणून, एक फ्रिजमध्ये ठेवून गार करायची. खाली स्टुलावर गोळ्यांचे पाकीट आणि पाण्याची बाटली.

पट्टीने उजेड थांबतो पण डोके ठणकायचे थांबत नाही, असे तिने सांगितले. गोळीने ठणका थांबतो, अंगही जड होते, पण उठल्यावर तोंडाला कोरड पडते आणि गुंगी संध्याकाळपर्यंत उतरत नाही. मग ती उतरवायला चहा, चहाने पोटात आग, आणि पुन्हा गोळी. मी शिक्षिकेसारखे विचारले, दोन्हींत बरे काय? ती म्हणाली, "दोन्ही मिळून अर्धी झोप होते."

तिने दोन बिस्किटे खाल्ली, गोळी घेतली, रेशमी पट्टी बांधली आणि आडवी झाली. प्रवासाने मीही शिणले होते. वाट्यांची पट्टी लावून तिच्या शेजारी पडले. पट्टी चांगली होती. डोळे उघडले तरी काळोख. मला गाढ झोप लागली.

जाग आली ती फोनच्या थरथरीने. फोन तिच्या उशीखाली होता. पट्टी वर सरकवण्याआधीच तिने तो कानाला लावला होता.

"हो आई... झोपली होती ना, मस्त झोपली होती. ताई पोचली. तू जेवली का?"

अकरा वाजले होते. आईची पूजा आटोपली की ती मनूला फोन करते, हे मला ठाऊक होते. मनूने फोन ठेवला, पट्टी खाली ओढली आणि भिंतीकडे वळली. तिची झोप गेली, हे तिच्या पाठीवरूनच मला कळले. त्यानंतर काकांचा फोन आला, तब्येत विचारायला. एरवी साडेबाराला, शाळेच्या मधल्या सुट्टीत, माझा फोन येतो. त्या दिवशी मी तिच्या शेजारीच असल्यामुळे तो तेवढा आला नाही.

तिला पडू द्यावे म्हणून मी जिन्यात जाऊन बसले. समोरच्या दारावर एक पाटी होती: "दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. आग लागली असल्यास दार ठोकावे." मी ती वाचत असतानाच दार उघडले.

"पाठ झाली असेल तर आत या," दारातल्या बाई म्हणाल्या. "अजून एक वाजायला वेळ आहे."

या आपटे काकू. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांचे आयुष्य शनिवार पेठेत गेले. तिथली जागा नव्या इमारतीसाठी गेली तेव्हा मुलाने इथे घर घेऊन दिले आणि स्वतः परदेशी गेला. मीही शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी मला पोहे दिले. पुण्याचे पोहे गोडसर आणि वर ओले खोबरे. तर्री (आपल्याकडे पोह्यांवर ओततात तो तिखट रस्सा) कुठे आहे, असे मी विचारले नाही. मनूच्या गोळ्यांचे ऐकल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"शनिवारात आमचा केमिस्ट आहे. त्याला दाखवा. तोंडाचा फटकळ आहे, पण फार्मसी शिकलेला आहे, नुसता गल्ल्यावर बसलेला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनू झोपायला आडवी झाली, आणि मी ते पाकीट घेऊन शहरात निघाले. आधी एक फजिती झाली. रस्त्याच्या चुकीच्या बाजूने मी बसमध्ये चढले आणि दोनच थांब्यांत शेवटचे ठिकाण आले. सगळे उतरले, मी बसूनच. कंडक्टरने तिकिटाकडे पाहिले.

"मॅडम, पाटी बसच्या पुढे असते. आता बसलाच आहात तर बसा, दहा मिनिटांनी हीच गाडी तुम्हाला हवं तिकडे जाईल. बसचा स्वभाव चांगला आहे."

त्याच बसने, नदी ओलांडून, मी शनिवार पेठेत पोचले. शनिवारवाड्याचा दरवाजा मी चौथीच्या पुस्तकात पाहिला होता. प्रत्यक्षात त्या मोठ्या खिळ्यांच्या दारासमोर उभी राहिले तेव्हा पहिली आठवण बाबांची आली. त्यांनी हे कधीच पाहिले नाही. पुण्यात मनूकडे येईन, येईन म्हणत राहिले. आसपासच्या गल्ल्या अरुंद, दुकाने लहान, आणि प्रत्येक दुकानदार आपण त्याच्या वाचनात व्यत्यय आणला असा चेहरा करून बसलेला.

केमिस्टने पाकीट उलटसुलट केले. कोण घेते, किती दिवस, जेवून की उपाशी, पोटाचे काय, हे सगळे विचारले. मग म्हणाला, यात एक औषध दुखण्याचे आहे आणि दुसरे सर्दीत देतात ते, गुंगी आणणारे.

"डोकं दुखून झोप येत नाहीये, अशा एखाद्या वेळेसाठी ठीक आहे. रोज पानात वाढायची कोशिंबीर नव्हे ही. डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लिहून दिलं तर देईन."

मी विचारले, मग चांगली पट्टी मिळेल का?

"पट्ट्या समोर, त्या लेस-बटणवाल्याकडे. आम्ही फक्त औषधं विकतो. अजून तरी."

समोरच्या दुकानात मी साधी सुती पट्टी पाहिली, पण घेतली नाही. दोरीवर आधीच इतक्या टांगल्या होत्या. पट्टी कमी पडत नाही, गोळीही कमी पडत नाही, तरी ही पोरगी झोपत नाही. मग आईचेच खरे असेल, हे शहर आणि ही नोकरी आपल्या माणसाला मानवत नसेल, असा विचार करत मी परतले. संध्याकाळी मनूला वारज्यातल्या डॉक्टरीण बाईंकडे नेले. त्यांनी पोट दाबून पाहिले, रक्त तपासायला दिले आणि रोजची गोळी बंद करायला सांगितले. आणि एकच प्रश्न विचारला, सलग किती झोपता? मनू म्हणाली, सलग असे नाही.

पुढचा दिवस तिच्या सुट्टीचा होता. दुपार कलल्यावर आम्ही खडकवासल्याला गेलो. ज्या धरणाचे पाणी अख्खे पुणे पिते, ते धरण. पाणी काठोकाठ भरले होते, पलीकडे डोंगरांच्या रांगा निळ्या होत चालल्या होत्या. काठाने चौपाटी आहे (समुद्राची नव्हे, गाड्यांची रांग). आम्ही निखाऱ्यावर भाजलेले कणीस घेतले. मनूने तिखट लावू नको म्हणून सांगितले, तर कणीसवाली मावशी म्हणाली, "मग लिंबू कशाला लावू? नुसतं कणीस खायाला एवढ्या लांब आलीस व्हय?" मनू हसली. दिवाळीपासून मी तिला तसे हसताना पाहिले नव्हते.

बांधाच्या भिंतीवर बसून मी तिला केमिस्टाचे सांगितले. मग एकदाचे म्हणाले की आपण घरी जाऊ, पुसदला काहीतरी बघू. ती कणसाचे दाणे सोलत राहिली.

"ताई, बाबांची पट्टी तुले आठवते?"

मला आठवत होती. रात्रपाळी लागली तेव्हा बाबांनी मनूला समोर बसवून डोक्याचे माप घेतले होते, फेटा बांधणाऱ्या नवरदेवाचे घ्यावे तसे, गंभीरपणे. कोटाच्या काळ्या अस्तराचे कापड, आत मऊ सुती, नाकावर उजेड येऊ नये म्हणून एक लहानशी घडी. पायजम्याचे इलॅस्टिक. मी चेष्टा केली होती की घाण्याच्या बैलाची झापड झाली.

"ती लावली की मी मेल्यासारखी झोपायची," मनू म्हणाली. "फोन लांब ठेवायची. कधीच डोकं दुखलं नाही. त्या दिवशीही तीच लावली होती."

बाबा दुकानात मशीनवरच गेले, सकाळी अकराच्या सुमाराला. आम्ही मनूला फोनवर फोन केले. तिच्या खोलीतली मुलगी कामावर, दुसऱ्या कोणाचा नंबर आमच्याकडे नव्हता. ती उठली चार वाजता, तोवर बाबांना नेलेही होते. वडीलधाऱ्यांनी ठरवले की दिवस मावळायच्या आत करून घ्यावे. तिच्याशी बोलणेच झाले नाही, तेव्हा थांबायचे किती वेळ, हे कोणाला सांगता येईना. ती पोचली ती राख सावडायला.

"मी फोन उचलला असता तर थांबले असते ना?"

मी शिकलेली आहे. तिला बरे वाटेल असे काही मला बोलता आले असते. पण ते खरे नव्हते. सगळे थांबले असते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही पाण्याकडे बघत बसलो.

"तेव्हापासून बाबांची पट्टी लावत नाही," ती म्हणाली. "या बाकीच्या लावते, पण कान उशीखाली असते. वाजला नाही तरी वाजल्यासारखं वाटते. आई अकराला करते. मी उचलला नाही तर ती घाबरते. तिलाही तो दिवस आठवते ना. मंग उचलते, आणि सांगते झोपली होती म्हणून. झोपलेली असतेच मी. तिचा फोन येईपर्यंत."

तेव्हा मला सारे दिसले. आम्ही पुसदला बसून, आळीपाळीने, अत्यंत मायेने, तिला झोपेतून उठवत होतो आणि विचारत होतो की झोप लागते का. आणि मग तिला झोप लागत नाही म्हणून तिला परत आणायला मला पाठवले होते.

परतीच्या बसमध्ये मी तिला म्हटले, आता झोपताना फोन माझ्याकडे दे. मी जिन्यात बसते. ती लगेच नाही म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहत तिने विचारले, "उठवशील ना? काही झालं तर?"

"उठवीन. कितीही वाईट असलं तरी उठवीन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रात्रपाळीला गेल्यावर मी तिच्या कपाटातून बाबांची पट्टी काढली. कुठे आहे ते तिनेच सांगितले होते. कापड जसेच्या तसे होते, शिलाई तर बाबांची. फक्त इलॅस्टिक सैल पडले होते. वारज्याच्या बाजारात नवे इलॅस्टिक मिळाले. आपटे काकूंकडून सुईदोरा आणला आणि त्यांच्याच सोफ्यावर बसून ते बदलले. तेव्हा त्यांना सगळे सांगितले. मी चार दिवसांनी जाणार, मग फोन कोण धरणार, हा प्रश्न उरत होता.

काकूंनी पट्टीची शिलाई बोटाने चाचपली. मग दाराकडे बोट केले.

"पाटी नीट वाचली नाहीत तुम्ही. आग लागली तर दार ठोकायचं असं मी लोकांना सांगते. मग मला नको का ठोकता येणार? माझा नंबर घ्या. दुपारी मी झोपते, पण फोन वाजता असतो. मुलगा परदेशात आहे माझा. तिला सांगा, काही असेल तर मी दार फोडीन. नसेल, तर मात्र तिच्या आईनं मला झोपेचं विचारायला फोन करू नये."

सकाळी मनू आली. वरणभात खाल्ला, गोळीच्या पाकिटाकडे तिने पाहिले आणि ते मीच उचलून ठेवले. बाबांची पट्टी तिने हातात घेऊन नाकावरची घडी तपासली, मग डोक्याला बांधली. फोन मला देताना तिची बोटे सुटत नव्हती.

मी जिन्यात बसले. अकराला फोन आला.

"निजली का वं?" आईने विचारले. उत्तर द्यायच्या आधी मी एक मजला खाली उतरले.

मी हळू आवाजात आईला सगळे सांगितले, खडकवासल्याचेही.

"मी फोन नाही केला तं माह्या जीवाला घोर लागते," आई म्हणाली. "ती बोलली की वाटते, हाय."

"ती आहे, आई. झोपली आहे."

"मंग मी कव्हा करू?"

"संध्याकाळी. ती उठून चहा घेते तेव्हा."

"तव्हा तं मी दिवा लावते."

"दिवा लावून झाला की कर."

त्या दिवशी मनू दोनदा दचकून उठली. "फोन?" असे दारातून विचारून गेली, मी मान हलवली, ती पुन्हा पडली. डोकेही दुखले. दुसऱ्या दिवशी एकदाच उठली. निघण्याच्या आदल्या दिवशी मी जिन्यात बसून काकूंचे वर्तमानपत्र शब्दकोड्यासकट संपवले, खालच्या अंगणातले ऊन भिंतीवर चढून गेले, आणि दार उघडले तेव्हा तिच्या गालावर उशीची घडी उमटलेली होती. मोठी जांभई देऊन "भूक लागली," एवढेच म्हणाली. रक्ताचा अहवाल ठीक आला. पोटाची जळजळ जायला वेळ लागेल, असे डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

मी निघाले तेव्हा संध्याकाळ होती. मनू कंपनीच्या गाडीची वाट बघत होती आणि मी ट्रॅव्हल्सची, त्याच पुलाखाली. आईची मोठी पिशवी आता भरलेली होती. काकूंनी गोडा मसाला दिला होता आणि सोबत तोंडी ताकीद, की हा तर्रीत घालून वाया घालवू नये. मनूचा त्यात एकही कपडा नव्हता. तिची गाडी आधी आली. चढताना तिने मला वाकून नमस्कार केला, पुण्याच्या भर रस्त्यात.

पुसदला पोचले तेव्हा आई दारातच होती. तिने माझ्या मागे पाहिले, मग पिशवी हातात घेऊन तिचे वजन पाहिले. मसाल्याचा वास आला तशी ती आत गेली.

शिकून माणूस लांब जातो, आणि घरच्यांची माया त्याच्यापर्यंत पोचायला जुनाच रस्ता शोधत राहते, हे मला या प्रवासात कळले. औषधाने आणि पट्टीने काय होते, काय होत नाही, हे डॉक्टर सांगतील. आमच्या मनूला झोपण्यासाठी आमचा विश्वास हवा होता, की गरज पडली तर आम्ही तिला उठवू, आणि नाही पडली तर उठवणार नाही.

त्या सकाळी अकराला आईची पूजा आटोपली. तिने सवयीने फोन उचलला, पाहिला, आणि देवाजवळ पालथा ठेवला. मग माझ्याजवळ येऊन बसली.

"आता निजली असंल," ती पुटपुटली.

"हो," मी म्हणाले.

घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात मशीन अजून बाबांच्याच जागी आहे. त्याच्याशेजारी बसून आम्ही दोघी मेथी निवडत राहिलो, आणि दुपारपर्यंत हळू आवाजात बोललो, ती आतल्या खोलीत झोपली आहे तसे.